सर्किटवरचं पहिलं वर्ष तीन लाखांत बसेल का?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी,

चाकणला ऑटो पार्टच्या कारखान्यात शिफ्टवर आहे. वय २७, लग्न ठरलेलं नाही (बजेटच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा), हातात महिना ४८ हजार येतात. आजवर रविवारी पहाटे भोर-वरंधा मारून आलं की आठवडा निभायचा. आता नाही निभत. पुढच्या मोसमात सर्किटवर उतरायचं आणि नवख्यांच्या वर्गातली एक तरी शर्यत पुरी करायची, एवढंच डोक्यात आहे. जिंकणं वगैरे सोडा, चेकर्ड फ्लॅग दिसला तरी बास.

थोडी शोधाशोध केली आहे. आपल्या महाराष्ट्रात डांबरावरच्या राष्ट्रीय शर्यती होतील असं सर्किट माझ्या तरी माहितीत नाही, त्यामुळे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट (३.७ किमी, जुनी मंडळी अजून एमएमआरटीच म्हणतात) किंवा कोइंबतूरचं कारी मोटर स्पीडवे (२.१ किमी) यांपैकीच काहीतरी. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपी झाली, ते पाच किलोमीटरच्या वर आहे. आपली ऐपत आणि आपण घेऊ ती १५५ सीसी, दोन्हींना ते मोठंच.

तर वर्षभराचा हिशोब असा मांडला आहे. जुनी यामाहा आर१५ व्ही३ ९५ हजार. तिला रिअरसेट (मागे सरकवलेले फूटपेग), क्लिपऑन (खाली वाकलेलं हँडल), फायबरचं फेअरिंग (बाहेरचं कवच), एक्झॉस्ट मिळून ४५. हेल्मेट, लेदर सूट, बूट, ग्लोव्हज ६०. टायर १५. ट्रेनिंग २५. लायसन्स आणि एंट्री फी २०. प्रवास ४०. बरोब्बर तीन लाख. आरडी मोडून आणि दिवाळीचा बोनस धरून एवढेच आहेत, कर्ज काढणार नाही.

कुठे चुकतंय ते बिनधास्त सांगा.

---

नुसता_वाचक

तीन लाखांत दोन मुऱ्हा म्हशी येतात, आणि त्या वळणावर घसरत नाहीत. चालू द्या.

---

पिटलेनचा_पाव्हणा

गिअरराव, हिशोब बरोब्बर तीन लाखांचा झाला हीच त्यातली गडबड आहे. पडण्याचे पैसे कुठे धरलेत?

पहिल्या वर्षी पडणार नाही असा नवखा मी पाहिलेला नाही, आणि पडला नाही तर तो अजून जोरात चालवतच नाहीये असं आमचे ट्रेनर म्हणायचे. साधा लो-साइड झाला, म्हणजे वळणात चाक सुटून बाईक आडवी झाली, वीस फूट घसरली, तुम्हाला ओरखडाही नाही, तरी क्लच लिव्हर, एक क्लिपऑन, फूटपेग, गिअर किंवा ब्रेकचा दांडा आणि अर्धं फेअरिंग गेलं असं धरा. आठ ते पंधरा हजार. बाईक ग्रॅव्हलमध्ये जाऊन कोलांटली तर फोर्क, रिम आणि टाकी. तिथे आकडा बोलायचा नाही. म्हणून पहिला नियम: एकूण रकमेतले ५० हजार वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांना पडझड म्हणा. वर्ष संपताना उरले तर पुढच्या वर्षीचे टायर येतील.

दुसरी गोष्ट जरा जिव्हारी लागेल. पहिल्या वर्षी बाईक घेऊ नका.

तुमच्या हिशोबात बाईक आणि तिचा साज मिळून १ लाख ४० हजार, म्हणजे जवळपास निम्मे पैसे. ती बाईक पुण्यात उभी राहणार आणि ट्रॅक बाराशे किलोमीटरवर. आरसे-दिवे काढलेली बाईक रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे तुम्ही ती वर्षातून चार-सहा दिवस चालवणार आणि उरलेले दिवस तिच्याकडे बघत चहा पिणार. तिकडच्या अकॅडम्या आणि खासगी टीम तयार बाईक भाड्याने देतात. मेकॅनिक, टायर, पेट्रोल, स्टँड सगळं त्यांचं. तुम्ही हेल्मेट-सूट घेऊन विमानाने नाहीतर रेल्वेने जायचं, चालवायचं, परत यायचं. पडलात तर नुकसानीचं बिल तुमचं, त्याची अट आधी लेखी घ्या.

माझे आकडे ढोबळ आहेत, दर मोसमाला हलतात, फोन करून खात्री करा. अंगावरच्या सामानाला ८५ ते ९० हजार (साठात चांगला सूट बसणार नाही, त्यावर खाली लिहितो). दोन दिवसांचा ट्रेनिंग वर्ग भाड्याच्या बाईकसह ३० च्या आसपास. मग भाड्याच्या बाईकवर दोन ट्रॅक डे (शर्यत नाही, नुसतं सर्किटवर चालवायचं), तेही मिळून तेवढेच. या तीन फेऱ्यांचा प्रवास आणि मुक्काम २७. लायसन्स आणि वैद्यकीय तपासणी ५. मोसमाच्या शेवटी एक शर्यत: एंट्री, बाईकचं भाडं, मेकॅनिक, प्रवास धरून ५५. पडझड ५०. बेरीज तीनच्या आत राहते, आणि वर्षाअखेर तुम्हाला कळलेलं असतं की हे झेपतंय का आणि कोणती बाईक घ्यायची. बाईकला आणि साजाला घातलेले पैसे विकताना निम्मे परत येतात. ट्रेनिंगचे येत नाहीत, पण फेरीची वेळ कमी होते ती त्यानेच.

आता सामान. हेल्मेट फुल फेस, डबल डी-रिंगचं (पट्टा दोन कड्यांतून ओवायचा), ईसीई २२.०६ या युरोपीय मानकाचं. आयएसआय तर कायद्याने लागतंच. क्विक रिलीज बकलवाली हेल्मेटं स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, बाहेर काढतात. सूट एकाच तुकड्याचा, गाईच्या किंवा कांगारूच्या कातड्याचा. दोन तुकड्यांचा चालवून घेतात ते फक्त कमरेभोवती पूर्ण चेन असेल तर, तेही सगळीकडे नाही. पाठीचं प्रोटेक्टर लेव्हल २ चं, वेगळं घ्या. सुटासोबत फोमचा तुकडा येतो त्यावर विसंबू नका. बूट घोट्याच्या वर जाणारे, घोटा आडवा मुरगळू न देणारे. टूरिंगची जाळीची जॅकेटं आणि गुडघ्याची कव्हरं ट्रॅकवर चालत नाहीत, कितीही महाग असली तरी.

---

तिसरा_गिअर

पाव्हणं, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. बाईक न घेण्याचा सल्ला पचायला वेळ लागेल. खरं सांगायचं तर केटीएमची एक आरसी ३९० बघून ठेवली होती. आमच्या चाकणलाच बनते, पार्ट ओळखीने मिळतील असा हिशोब होता.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

भावा, ३९० चा नाद आत्ताच सोड. मी गॅरेजवाला हाय म्हणून सांगतोय, माझं काय दुकान बंद पडत न्हाई. ३७३ सीसीचं इंजिन मागचं टायर खातंय, पॅड खातंय, चेन खातंय, आणि नवख्याच्या हातात दिलं की सरळ रेषेत पळवून वळणावर घाबरतंय. आर१५ ला पावर न्हाई, म्हणून वळणातला वेग राखायला शिकतोस. जो १५० वर शिकतो तो ३९० वर पळतो, उलटं हुईत न्हाई.

आणि नवी घ्यायचा इचार असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासनं ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर जीएसटी ४० टक्के झालाय, खालच्यावर २८ चा १८. सरकारनंच सांगितलंय कुठली घ्यायची.

आता घेणारच असशील, आज न्हाई तर पुढल्या वर्षी, तर तुझ्या ४५ हजारांत एक्झॉस्ट हाय ते काढ. स्टॉक वर्गात (कंपनीतनं आली जवळजवळ तशीच बाईक) नियम काय परवानगी देतोय ते पुस्तक आधी वाच, मग खरेदी. मी बघितलंय, पोरं भारीतला एक्झॉस्ट बसवून येत्यात आणि स्क्रूटिनीत परत स्टॉक सायलेन्सर शोधत फिरत्यात. पैसा हितं घाल:

इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टर कव्हर, कॅलिपरचे बोल्ट लॉकवायर करून घे. बोल्टला बारीक भोक पाडून स्टीलची तार पिळायची, काम दोन तासाचं, पण भोक पाडताना तीन ड्रिल मोडत्यात. इंजिनखालचा बेली पॅन असा की इंजिन फुटलं तर ऑइल त्यातच राहील. रेडिएटरमधला कूलंट काढून साधं पाणी भर. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागनं येणारे चार जण झोपत्यात. साइड स्टँड, मेन स्टँड, आरसे, इंडिकेटर, हेडलाइट काढ. लिव्हरच्या टोकाला गोळी पाहिजे, मोडकी लिव्हर भाल्यासारखी घुसती. किल स्विच चालू पाहिजे. मागच्या स्प्रॉकेटला शार्क फिन, बोट अडकू नये म्हणून. ब्रेक ऑइल नवं डॉट ४, पॅड सिंटर्ड. हे सगळं मिळून आठ-दहा हजारात हुतंय आणि एक्झॉस्टपेक्षा जास्त कामाचं हाय.

बाकी नाद खुळा विषय हाय, कोल्हापुरात आलास तर ये गॅरेजवर.

---

ढापण्या

एवढा खर्च कशाला? ताम्हिणी फुकट आहे की. पहाटे पाचला कोणी नसतं.

---

पॉलिसीवाले_काका

ढापण्या, पाचला दूधवाल्याचा टेम्पो असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ बघ, रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी लावली तर पहिल्याच गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड किंवा कैद, नाहीतर दोन्ही. तेही सोड. समोरच्याला लागलं तर आयुष्यभराचं देणं, आणि विमा कंपनी हात वर करेल.

या धाग्यावर विम्याचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. माझा धंदाच तो.

बाईकच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगचाचणी हे त्यातून सरळ वगळलेलं आहे. म्हणजे ट्रॅकवर बाईक मोडली तर क्लेम नाही, ‘घराजवळ घसरलो’ असं सांगायचं तर ती फसवणूक, आणि सर्व्हेअर मूर्ख नसतात.

आरोग्य विम्यात बहुतेकांची समजूत अर्धवट असते. सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या प्रमाणित वगळणुकींत साहसी खेळांची एक आहे, तिचा कोड एक्सक्ल ०९. त्यात मोटर रेसिंगचं नाव स्पष्ट आहे, मात्र शब्द असे आहेत की ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेताना झालेली इजा. हौशी माणूस त्यात येतो की नाही, यावर क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा आत्ताच कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर फाइलला लावा. नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम असेल तर एचआरकडून पॉलिसीची प्रत मागा, माहितीपत्रक नको. वैयक्तिक अपघात पॉलिसीत तर शर्यत बहुधा सरसकट वगळलेली असते.

फेडरेशनच्या (एफएमएससीआय, देशातल्या मोटर शर्यतींची संघटना) लायसन्ससोबत अपघात संरक्षण असतं. त्याची कमाल रक्कम वाचा, आणि खासगी रुग्णालयात कॉलरबोनला प्लेट घालायचा खर्च विचारा. बाईकवाल्यांचं ते हाड पहिलं जातं, आणि बिल लाखाच्या पुढे सहज जातं. दोन्हींतला फरक तो तुमच्या खिशातला. शिवाय शिफ्टवरचा माणूस सहा आठवडे घरी बसला तर बिनपगारी रजा किती, तेही याच हिशोबात लिहा. पाव्हण्यांचे ५० हजार बाईकच्या पडझडीचे झाले. माणसाच्या पडझडीचे वेगळे.

---

तिसरा_गिअर

काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. एचआरला मेल टाकला आहे. तिथे बसलेल्या मॅडमनी फोन करून ‘नक्की काय करणार आहेस?’ असं आईच्या आवाजात विचारलं.

---

सीमा_पाटणकर

मी बाईक चालवत नाही. भाचा या नादात आहे म्हणून वाचतेय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच चेन्नईच्या सर्किटवर बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत गेला, ती बातमी अजून डोक्यातून जात नाही. तुम्ही सगळे सायलेन्सर आणि टायरचं बोलताय. विमावाल्या काकांनी निदान विषय काढला. गिअर, तुम्ही घरी सांगितलं आहे का?

---

पिटलेनचा_पाव्हणा

सीमाताई, खरं आहे. तो दिवस ट्रॅकवरचं कोणी विसरलेलं नाही. त्या फेरीतल्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या होत्या. तो नवख्यांच्याच शर्यतीत होता, पडला आणि... एवढंच. मी नवख्यांना एकच सांगतो. ट्रॅकवर वाहनं एकाच दिशेने जातात, कडेला झाड-खांब नसतो, अॅम्ब्युलन्स उभी असते, म्हणून ते घाटापेक्षा बरं आहे. पण एकामागे एक पंधरा-वीस बाईक पहिल्या वळणात शिरतात तेव्हा धोका घाटात नसतो तितका असतो. ट्रॅक डे आणि शर्यत यांत हाच फरक. म्हणून ट्रॅक डे आधी, शर्यत मागाहून.

भाचा अठराच्या आतला असेल तर लायसन्सच्या अर्जावर पालकांची संमती लागते. सही करण्याआधी एक दिवस त्याच्यासोबत ट्रॅकवर जा.

---

अवनी_ट

गिअर, सुटाबद्दल एक भर. सेकंड हँड सूट मिळतो, स्वस्तही, पण तो अंगाला घट्ट नसेल तर घसरताना प्रोटेक्टर कोपरावरून सरकून भलतीकडे जातं आणि लागतं ते कोपरालाच. मापाने शिवून देणारे आता भारतातही आहेत, ३० ते ४५ हजारांत काम होतं. माप देताना उभं राहून नाही, बाईकवर वाकून बसल्यासारखं द्यायचं. नवीन सूट उभं राहिल्यावर खांद्यात अवघडतो, चालताना माणूस कुबडा दिसतो, तोच बरोबर. सेकंड हँड हेल्मेट मात्र अजिबात नको, ते आतून कधी आपटलंय ते बाहेरून दिसत नाही.

मुलींसाठी सांगते, राष्ट्रीय स्पर्धेत मुलींचा १६५ सीसी स्टॉकचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि टीव्हीएसच्या वन मेकमध्येही महिलांचा वर्ग असतो. वन मेकचा खर्चाच्या दृष्टीने सगळ्यांनीच विचार करावा. कंपनी सगळ्यांना एकसारखी बाईक देते, सांभाळतेही तीच, तुम्ही निवड चाचणीत उतरायचं. टीव्हीएसची वन मेक १९९४ पासून चालू आहे, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ ला सुरू झाला, होंडाचा टॅलेंट कप वयाने लहान पोरांसाठी आहे. आपला पुण्याचा सार्थक चव्हाण त्याच होंडाच्या वाटेने वर आला. निवड झाली नाही तरी चाचणीच्या दिवशी ट्रॅकवर जे चालवायला मिळतं ते शिकणंच आहे. पडझडीचं बिल कोणाचं, ही अट मात्र दर ठिकाणी वेगळी.

---

तिसरा_गिअर

सीमाताई, बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, घाटात जाणार नसशील तर जा. आईला ‘ट्रेनिंग’ सांगितलंय, तेही खोटं नाही.

अवनी, वन मेकच्या निवडीला वयाची अट असते का? २७ म्हणजे त्या जगात आजोबा.

---

अवनी_ट

होंडाला हो, आजोबाच. बाकी ठिकाणी चाळिशीतले लोकही उतरतात. जीटी कपच्या यादीत तर पोट सुटलेले बघितलेत मी. :)

---

धुरळा_फॅक्टरी

तुम्ही सगळे डांबरामागे का लागलात कळत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर हा पट्टा सुपरक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या उड्यांच्या शर्यतींचा आहे. राष्ट्रीय फेऱ्या इथे होऊन गेल्यात, २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी बालेवाडीला झाली. बाराशे किलोमीटर जायचं कशाला? भारतीय बनावटीच्या बाईकसाठी वेगळे वर्ग असतात, हिरोची जुनी इम्पल्स नाहीतर टीव्हीएसची आरटीआर घ्या, मागचं सस्पेन्शन करून घ्या, नॉबी टायर टाका. माती कुठेही मिळते, दर रविवारी सराव होतो, पडलात तर प्लास्टिक मोडतं. प्रवासाचे आणि भाड्याचे पैसे वाचले ना सगळे.

---

पिटलेनचा_पाव्हणा

धुरळा, मान्य, आणि खरंच विचार करण्यासारखं आहे. सरावाच्या तासाला पडणारा खर्च मातीत फारच कमी. पण दोन पुरवण्या. इम्पोर्टेड बाईकच्या वर्गात जायची इच्छा होतेच, आणि ती बाईक सात-आठ लाखांच्या पुढे सुरू होते. आणि मातीत वेग कमी असला तरी उडी चुकली की गुडघा, मनगट, कॉलरबोन. चांगल्या नी-ब्रेसची (गुडघ्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांची) जोडी डांबरवाल्यांच्या सुटाएवढी महाग पडते. डांबरावर चालवणाऱ्यानेही माती करावी हे मात्र शंभर टक्के. मागचं चाक सुटल्यावर अंग आखडू द्यायचं नाही, हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

आमच्या हितं मोहिते ट्रॅक हाय, कार्टिंगचा. अधनंमधनं बाईकवाल्यांचे दिवस लागत्यात म्हणं, फोन करून इचारावं. चेन्नईला जायच्या आधी गुडघा टेकवायची हौस तिथं फेडून घ्यायची. लहान ट्रॅकवर पडायचा खर्च पण लहान.

---

लेस्टरकर_देशपांडे

इथे इंग्लंडातून थोडी भर. क्लब रेसिंग इथे जुनं आहे. बेमसी म्हणून ओळखला जाणारा क्लब १९०९ चा. मी मॅलरी पार्कजवळ राहतो, वीस मिनिटांत ट्रॅक. नवख्याने आधी एक दिवसाचा अभ्यासवर्ग करायचा, मग लायसन्स, आणि शर्यतीत अंगावर नारिंगी जाळीचं बंडी घालायचं, म्हणजे मागच्याला कळतं की पुढे कच्चा गडी आहे. लोक व्हॅनमध्येच झोपतात, स्टोव्हवर बीन्स गरम करतात. तरीही सगळे एकच रडगाणं गातात: टायर आणि डिझेल. ट्रॅक जवळ असूनही पैसे कमी पडतात ते पडतातच, तुम्हाला तर बाराशे किलोमीटर आहे.

एक कामाची सवय इथे शिकलो. प्रत्येक वीकेंडचा खर्च त्याच रात्री एका वहीत लिहायचा आणि त्याला ट्रॅकवर प्रत्यक्ष चाललेल्या मिनिटांनी भागायचं. आकडा बघून काही लोक गोल्फ खेळायला लागलेत.

---

चेन्नईकर_जोशी

प्रवासाचं मी सांगतो, इथे राहून पाहुणे बरेच सांभाळलेत.

पुण्याहून सरळ राष्ट्रीय महामार्ग ४८ धरा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत तोच रस्ता ट्रॅकच्या दारावरून जातो. इरुंगाट्टुकोट्टई हे श्रीपेरुंबुदूरकडचं औद्योगिक गाव, ह्युंदाईचा कारखाना तिथेच. चेन्नई शहरात राहायचं काहीच कारण नाही, सकाळची रहदारी जीव घेते. श्रीपेरुंबुदूरला कंपन्यांच्या लोकांसाठी असलेली लॉज आहेत, हजार-दीड हजारात एसी खोली, दोघांत वाटली तर आणखी स्वस्त.

स्वतःची बाईक आणायची वेळ आली तर रेल्वे पार्सल स्वस्त आहे. आरसी बुकची प्रत लागते, टाकीत पेट्रोलचा थेंब चालत नाही, गोणपाटात बांधून द्यावी लागते, आणि आरसे-दिवे आधीच काढलेली असेल तर बाबू शंकेने बघतो. पार्सल त्याच गाडीला चढेल याची खात्री नाही, म्हणून चार दिवस आधी टाका. कारीला जायचं तर कुर्ला-कोइंबतूर एक्स्प्रेस पुणे-सोलापूर करून येते. तीन-चार जण असाल तर पिकअप केलेला बरा. जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटर, डिझेल, टोल, ड्रायव्हर मिळून ४५ हजारांच्या आसपास, चौघांत वाटा.

राष्ट्रीय फेऱ्या साधारण जून ते सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतात. तेव्हा इथला मुख्य पावसाळा बहुधा सुरू झालेला नसतो, भाजतं. लेदर सूट घालून वीस मिनिटांचं सेशन करून आलेला माणूस डोक्यावर पाणी ओतून घेतो. तीन-चार तास झोप, आदल्या रात्री बिर्याणी आणि सकाळी उपाशी, असे वीर दुपारी गरगरून पडतात. दहीभात खा, ओआरएस प्या. हे बजेटमध्ये लिहिण्याइतकं महाग नाही पण यावाचून बाकीचं वाया जातं.

---

तिसरा_गिअर

सगळ्यांचं वाचून हिशोब परत मांडला. बाईक या वर्षी नाही. ३९० वाल्याला नाही सांगितलं, त्याने एक शिवी दिली.

सूट शिवून घेणार, माप वाकून देणार. कोल्हापूरच्या ट्रॅकला फोन करतो, तिथे माझीच रोजची एफझी घेऊन जाता येईल का बघतो. मग ट्रेनिंग, दोन ट्रॅक डे. शर्यत सप्टेंबरात, तोवर ट्रेनरने हो म्हटलं तरच. पडझडीला ५० आणि एचआरचं उत्तर नकारार्थी आलं तर शर्यतीचे ५५ सुद्धा तिकडेच वळवणार, शर्यत पुढच्या वर्षी. टायरचा, एक्झॉस्टचा प्रश्नच मिटला.

एक शंका राहिली. लायसन्ससाठी ट्रेनिंगचं प्रमाणपत्र कोणत्याही अकॅडमीचं चालतं का?

---

पिटलेनचा_पाव्हणा

नाही. फेडरेशनने मान्यता दिलेल्या अकॅडमीचंच. पैसे भरायच्या आधी त्यांना विचारा की तुमचं प्रमाणपत्र लायसन्सच्या अर्जाला चालेल ना, आणि फेडरेशनच्या यादीत नाव तपासा. नुसते ‘रायडिंग स्किल’चे वर्ग घेणारेही पुष्कळ आहेत. शिकवतात चांगलं, पण तो कागद चालत नाही. अर्ज ऑनलाइन, सोबत डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र आणि रक्तगट. लायसन्स वर्षाचं असतं, त्यामुळे डिसेंबरात काढून जानेवारीत परत काढायची वेळ आणू नका.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

एफझी आणतोस तर आदल्या दिवशी गॅरेजवर सोड. कूलंटचा प्रश्न न्हाई, एअर कूल्ड हाय. पॅड आणि चेन बघतो, लिव्हरच्या गोळ्या बसवतो. मजुरी न्हाई, पार्टचे दे.

---

धुरळा_फॅक्टरी

आणि त्याच्या पुढच्या रविवारी आमच्याकडे मातीत या. बूट माझे घ्या, नऊ नंबर.

---

तिसरा_गिअर

मला आठ लागतात. दोन मोजे घालून येतो.